थंडीत गाडी सुरू होऊन बंद का पडते?

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. काही सेकंद बरी चालते. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की फेरे घसरतात, इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झालं की इंजिन तापतं आणि मग दिवसभर तक्रार नाही. गॅरेजात नेली तर मेकॅनिक रेस देऊन पाहतो आणि म्हणतो, "गाडी तर मस्त आहे!" गाडीमालक नेहमी विचारतात तो प्रश्न हाच: गरम झाल्यावर जे इंजिन उत्तम चालतं, तेच थंड असताना का रुसतं?

जबलपूरसारख्या शहरात हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. जानेवारीत पहाटेचं तापमान दहा अंशांच्या आसपास असतं आणि थंडीची लाट आली की आणखी खाली उतरतं. म्हणजे उन्हाळ्यात झाकून राहिलेला दोष जानेवारीच्या सकाळी उघडा पडतो.

१. आधी तक्रार नीट ओळखू

"गाडीला थंडीत त्रास होतो" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात.

पहिली, सेल्फच जड फिरतो. हा बहुधा बॅटरीचा, तिच्या टर्मिनलवरच्या गंजाचा किंवा सेल्फ मोटरचा दोष असतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो.

दुसरी, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकड घ्यायला फार वेळ लावतं. इथे इंधनाचा दाब किंवा ठिणगी तपासावी लागते.

तिसरी, इंजिन लगेच सुरू होतं आणि मग बंद पडतं. हे प्रकरण या तिसऱ्या तक्रारीविषयी आहे. इंजिन सुरू झालं याचा अर्थ बॅटरी, सेल्फ आणि ठिणगी निदान कामापुरती आहेत. नवी बॅटरी घालून हा त्रास सहसा जात नाही. चुकीच्या ठिकाणी होणारा पहिला खर्च इथेच टाळता येतो.

२. इंजिनाला काय हवं असतं?

पेट्रोल इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतात. वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण 'पातळ' आणि पेट्रोल जास्त झालं तर 'जाड' म्हणतात. पेट्रोलच्या एका भागामागे हवा वीस भागांच्या पलीकडे गेली की नेहमीचं इंजिन अडखळू लागतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत वाफ होऊन मिसळलेलं पेट्रोलच ठिणगीने पेटतं. म्हणून इंजिनात पेट्रोल किती गेलं यापेक्षा त्यातल्या कितीची वाफ झाली हे महत्त्वाचं असतं.

३. थंड इंजिनात पेट्रोल जातं कुठे?

उकळत्या चहाच्या पातेल्यावर थंड झाकण ठेवा. झाकणाला आतून थेंब धरतात. झाकण तापलं की तेच थेंब कमी होत जातात. हवेच्या नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, असंच घडतं. धातू थंड असताना पेट्रोलचा बराच भाग नळीच्या भिंतीला आणि व्हॉल्व्हच्या पाठीला थेंबांच्या रूपात चिकटून राहतो. धातू तापला की तो भागही वाफ होऊन आत जातो.

एक छोटं गणित करू. समजा, १४.७ ग्रॅम हवेबरोबर १ ग्रॅम पेट्रोल सोडलं, पण थंडीमुळे त्यातल्या ०.६ ग्रॅमचीच वाफ झाली. मग जळणाऱ्या मिश्रणाचं प्रमाण झालं १४.७ भागिले ०.६, म्हणजे २४.५ ला १. इतक्या पातळ मिश्रणावर इंजिन टिकत नाही. प्रमाण पुन्हा जागेवर आणायचं तर १ भागिले ०.६, म्हणजे सुमारे १.६७ ग्रॅम पेट्रोल सोडावं लागेल. थंड इंजिनाला जादा पेट्रोल लागतं ते यासाठी.

यात आणखी दोन अडचणींची भर पडते. थंड हवा दाट असते. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि जानेवारीच्या सकाळी ८ अंश धरले, तर तेवढ्याच जागेत थंडीत सुमारे १२ टक्के जास्त हवा मावते. त्या जादा हवेलाही जादा पेट्रोल हवं. दुसरं, थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे इंजिनाला स्वतःला फिरवत ठेवण्यासाठीच अधिक ताकद लागते.

थोडक्यात, थंड इंजिनाला पहिली काही मिनिटं तीन गोष्टी हव्या असतात: जादा पेट्रोल, बंद न पडण्याइतके जास्त फेरे आणि भरवशाची ठिणगी. यांपैकी एक कमी पडली की गाडी बंद पडते. पुढची सगळी तपासणी ही कोणती गोष्ट कमी पडली ते शोधण्यासाठी आहे.

४. चोकच्या काळातला उपाय

जबलपूरचं गाड्यांशी नातं जुनं आहे. इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ पासून जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली आणि निसान पॅट्रोल या गाडीवर आधारलेली जोंगा सैन्यासाठी इथेच तयार होऊ लागली. जोंगात सहा सिलिंडरचं, चार लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन होतं आणि त्याला कार्बोरेटर होता. त्या काळच्या ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० यांनाही कार्बोरेटरच होता.

कार्बोरेटरला इंजिन थंड आहे की गरम हे कळत नाही. म्हणून डॅशबोर्डवर चोकची खुंटी असे. ती ओढली की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटते, हवा कमी होते, आतली ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. त्याच वेळी एक छोटी कळ थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, किंचित उघडून फेरे वाढवते. जादा पेट्रोल आणि जास्त फेरे ही दोन्ही कामं एकाच खुंटीने होत.

अशी गाडी आजही कुणाकडे असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. एअर फिल्टरचं झाकण काढून चोक ओढल्यावर झडप पूर्ण मिटते का? केबल ढिली पडली की झडप अर्धीच मिटते. चोक ओढल्यावर फेरे वाढवणारी कळ हलते का? स्लो जेटमध्ये, म्हणजे पाय काढल्यावर पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक छिद्रात, कचरा आहे का? तो असला तर रेस दिल्यावर गाडी चालते आणि पाय काढला की बंद पडते. आणि कार्बोरेटरच्या खालचं गॅसकेट हवा घेतंय का? इंजिन तापू लागलं की चोक थोडा थोडा आत ढकलावा. तो ओढलेलाच राहिला तर प्लग काळे होतात आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

५. चोक गेला, सेन्सर आला

प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००० च्या सुमारास कार्बोरेटर मागे पडून इंजेक्शनची पद्धत आली. आता पेट्रोल किती सोडायचं हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. गॅरेजात त्याला ईसीएम म्हणतात. इंजिन थंड आहे हे त्याला कूलंटच्या तापमानाचा सेन्सर सांगतो.

हा सेन्सर म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा छोटा तुकडा. अनेक गाड्यांत त्याचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. रोध जास्त म्हणजे इंजिन थंड, पेट्रोल जास्त सोडा. रोध कमी म्हणजे इंजिन गरम, पेट्रोल आवरतं घ्या.

आता समजा सेन्सर बिघडला आणि थंड सकाळीही त्याने ७० अंश कळवले. कॉम्प्युटर गरम इंजिनाला पुरेल एवढंच पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होतं आणि गाडी बंद पडते. इंजिन खरोखर ७० अंशांना पोचलं की सेन्सरचं सांगणं आपोआप खरं ठरतं आणि दोष दिसेनासा होतो! दुपारी गॅरेजात काही सापडत नाही त्याचं हे एक कारण.

उलटही घडतं. जोडणीत गंज चढला, रोध वाढला, तर कॉम्प्युटरला इंजिन आहे त्याहून थंड वाटतं. मग पेट्रोल नको तेवढं येतं, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो, प्लग ओले होतात.

तपासणी सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सेल्फ न मारता फक्त इग्निशन चालू करा आणि स्कॅनरवर दोन आकडे पाहा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर थंड झालेल्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतके असायला हवेत. हवा १० अंश आणि कूलंट ४५ दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची तार दोषी. काही गाड्यांत सेन्सर निकामी झाला की कूलिंग फॅन थंड इंजिनावरच फिरू लागतो. तीही खूण लक्षात ठेवा.

गरम झाल्यावर गाडी सुधारण्याचं दुसरं कारण ऑक्सिजन सेन्सर. तो धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजून मिश्रण पातळ की जाड हे कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर लगेच दुरुस्ती करतो. पण हा सेन्सर सुमारे ३०० अंशांना तापल्याशिवाय काम करत नाही. तोवर कॉम्प्युटर आधी ठरवून दिलेल्या कोष्टकावर चालतो. म्हणून लहानसहान दोष पहिल्या मिनिटात उघडे असतात आणि नंतर झाकले जातात.

६. हवेची वाट तपासू

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, म्हणजे आयडलिंगला, थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. तेव्हा इंजिन जगतं ते कडेच्या फटीतून किंवा आयडल व्हॉल्व्हमधून येणाऱ्या मोजक्या हवेवर. गरम इंजिन साधारण मिनिटाला ७०० ते ८५० फेऱ्यांवर स्थिरावतं. थंड इंजिनाला बाराशेच्या आसपास फेरे लागतात, म्हणजे हवाही जास्त लागते.

इथे कार्बन साचला की वाट अरुंद होते. ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवला की गाडी चालते आणि सोडला की बंद पडते, ही मळलेल्या थ्रॉटलची ठळक खूण. थ्रॉटल क्लीनरने सफाई करणं हा स्वस्त आणि बऱ्याचदा लागू पडणारा उपाय आहे. मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने ढकलू नये. सफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यानंतर अनेक गाड्यांत कॉम्प्युटरला थ्रॉटलची जागा नव्याने शिकवावी लागते. तोवर आयडलिंग अस्थिर राहू शकतं.

दुसरा दोष म्हणजे न मोजलेली हवा. रबरी नळ्या उन्हाळ्याच्या उष्णतेने कडक होतात, त्यांना चिरा पडतात. थंडीत रबर आक्रसतं आणि चीर उघडते. तापलं की ती बरीचशी मिटते. अशा गळतीने काही गाड्यांत फेरे विनाकारण वाढतात, काहींत मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळतं. बोनेट उघडून 'स्स' असा आवाज येतो का ऐका. ब्रेक बूस्टरची नळीही पाहा. ब्रेक दाबला की इंजिन अडखळत असेल तर संशय तिथे घ्यावा. क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत आहे, पण तो ज्वलनशील असतो. घरी ते करू नये. गॅरेजात नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं अधिक सुरक्षित.

तिसरा दोष ईजीआर व्हॉल्व्हचा. तो जळलेला वायू थोडा परत आत सोडतो. थंड इंजिनात तो मिटलेला असायला हवा. कार्बनमुळे उघडा अडकला तर आयडलिंगला मिश्रण बिघडतं आणि गाडी बंद पडते.

७. इंधन, प्लग आणि थर्मोस्टॅट

२०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि ते पाणी ओढून घेतं. व्यवस्थित गाडी हे सहज सांभाळते. पण आधीच काठावर असलेली गाडी थंडीत त्यामुळे लवकर उघडी पडते. क्वचित चालणाऱ्या गाडीत महिनोन्महिने तेच पेट्रोल ठेवू नये. हेच सीएनजी गाड्यांना लागू. त्या बहुधा पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. टाकीतलं पेट्रोल जुनं झालं की पहिलं मिनिटच बिघडतं.

झिजलेल्या प्लगला पातळ मिश्रण पेटवणं कठीण जातं. तिथे 'मिसिंग' जाणवतं आणि इंजिन-लाइट लुकलुकते.

थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची, गोष्ट आपल्याकडची खास. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. मग हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेतं आणि थंड इंजिनाचे सगळे हाल लांबतात. तापण्याचं मूळ कारण रेडिएटर, फॅन किंवा वॉटर पंपात शोधावं. थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नव्हे.

डिझेल गाडीत ठिणगी नसते, दाबाच्या उष्णतेने इंधन पेटतं. तिथे दोन संशयित: न तापणारा ग्लो प्लग (सुरुवातीला थरथर आणि पांढरा धूर) आणि रात्रीतून इंधनाच्या लाइनमध्ये शिरलेली हवा (काही सेकंद चालून बंद).

८. बंद पडण्याची वेळ काय सांगते?

• एक-दोन सेकंदांत बंद, गरम-थंड कधीही, आणि चावीचा दिवा लुकलुकतो: इमोबिलायझर, म्हणजे चावी न ओळखल्यास इंजिन बंद पाडणारी चोरीविरोधी यंत्रणा.
• सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात, पाय काढताच: मळलेला थ्रॉटल, आयडल व्हॉल्व्ह किंवा स्लो जेट.
• पाय ठेवूनही अडखळते, रेस दिली की दम कोंडतो: पातळ मिश्रण. कूलंट सेन्सर, हवेची गळती किंवा इंधनाचा दाब.
• काळा धूर आणि पेट्रोलचा वास: जाड मिश्रण. सेन्सरची जोडणी, गळका इंजेक्टर.
• इग्निशन दोन-तीनदा चालू-बंद करून मग सेल्फ मारला तर नीट सुरू होते: रात्रीत इंधनाचा दाब उतरतो.
• एसी लावला किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बंद: फेरे मुळात कमी, भार पेलत नाही.

९. तपासणीचा क्रम

स्वस्त आणि सोपं आधी, महाग नंतर.

एक: बॅटरीची टर्मिनलं, एअर फिल्टर, नळ्या आणि क्लिपा डोळ्यांनी पाहा.

दोन: स्कॅनर लावून कोड वाचा. पी ०११५ ते पी ०११८ कूलंट सेन्सरकडे बोट दाखवतात, पी ०१७१ पातळ मिश्रणाकडे, पी ०१२८ थर्मोस्टॅटकडे आणि पी ०५०५ आयडलिंगकडे. कोड म्हणजे निकाल नव्हे. कोणत्या दिशेने शोधायचं एवढंच तो सांगतो.

तीन: थंड गाडीत दोन तापमानं ताडून पाहा.

चार: थ्रॉटल साफ करा, मग प्लग पाहा.

पाच: एवढ्याने भागलं नाही तरच इंधनाचा दाब, धुराची चाचणी आणि ईजीआर.

एका वेळी एकच बदल करा आणि दुसऱ्या सकाळी निकाल पाहा. चार भाग एकदम बदलले तर गाडी सुधारेलही, पण दोष कोणता होता हे कळणार नाही आणि तीन भागांचे पैसे फुकट जातील.

१०. जिवाशी खेळ नको

थंडी आहे म्हणून शटर ओढून गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, कारण जादा पेट्रोल सोडून मिश्रण जाड केलेलं असतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस मारतो.

बंद पडणारी गाडी लगेच रहदारीत नेऊ नका. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. धुक्याच्या सकाळी जबलपूर-मंडला रस्त्यावर असा प्रसंग येणं भयंकर आहे. आयडलिंग स्थिर झाल्याची खात्री करून घ्या, मग निघा. नीट असलेल्या इंजेक्शनच्या गाडीला मात्र दहा-दहा मिनिटं जागेवर तापवायची गरज नसते. अर्धा-एक मिनिट थांबून हळूवार चालवली की ती चालतानाच लवकर तापते.

थंड इंजिनाचा दोष दिवसातून एकदाच, पहिल्या दोन मिनिटांत दिसतो, आणि तेव्हा तिथे फक्त तुम्ही असता. म्हणून किती सेकंदांनी बंद पडली, पाय कुठे होता, धूर कसा होता, कोणता दिवा लागला हे लिहून ठेवा. मेकॅनिककडे जाताना गाडी सकाळी नेऊ नका, आदल्या संध्याकाळी नेऊन रात्रभर तिथेच सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या. स्कॅनर जोडलेला असावा, हा आग्रह धरा. जो मेकॅनिक गाडी थंड असताना पाहायला तयार होतो, त्याच्याच हाती ती द्या.